लंडनच्या हाताचं माप

निळं पातळ पत्र आलं की हरिबा नलवडे आधी चष्मा पुसायचा, मग मिशी पुसायचा आणि मगच पत्र उघडायचा. मिशीचा वाचण्याशी काय संबंध, हे राहीबाईनं तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. लंडनहून आलेल्या पत्रासमोर माणसानं नीटनेटकं असावं, एवढं तिलाही पटत होतं.

पत्र अलमेलूचं असायचं. अलमेलू ही त्यांची लेक नव्हे, आणि लेक नव्हे तर मग कोण, हेही कुणाला धड सांगता आलं नसतं. वीस वर्षांमागं, साखर कारखान्याची चिमणी निम्मीच बांधून झाली होती तेव्हा, मद्रासकडचे सुब्रमण्यम नावाचे केमिस्टसाहेब बायको आणि तीन वर्षांची पोर घेऊन पलूसला आले आणि हरिबाच्या सोप्यालगतच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. गावानं पहिल्याच आठवड्यात त्यांचा सुबरावसाहेब केला. साहेबांनी दोनदा दुरुस्ती करून बघितली. पुढं सही सोडून सगळीकडं तेही सुबरावच झाले. सहा महिन्यांत त्यांची बायको तापानं गेली. साहेब कारखान्यावर गेले की पोर रडायची, रडली की राहीबाई तिला काखेला मारायची. राहीबाईच्या काखेला स्वतःचं कुणी नव्हतं, त्यामुळं पोर खाली ठेवायची आठवण कुणालाच राहिली नाही. अशी सतरा वर्षं गेली.

मग त्र्याहत्तर साली अलमेलूचं लग्न झालं आणि ती लंडनला गेली. जावई तिथल्या टेलिफोन खात्यात होता, तामिळच. वर्षभरात सुबरावसाहेबही वारले. जाताना खोलीची किल्ली राहीबाईच्या हातात देऊन गेले, हा माणूस शेवटपर्यंत भाडेकरूसारखाच वागला.

लंडनात तामिळ लोक पुष्कळ आहेत, असं अलमेलू लिहायची. कुणी मद्रासचे, कुणी जाफन्याचे, कुणी तीन पिढ्या मलायात काढून आलेले. दर रविवारी एका शाळेचा हॉल घेऊन सगळे जमतात, पोरांना तामिळ अक्षरं शिकवतात, घरून करून आणलेला सांबारभात खातात आणि एकमेकांना गाव विचारतात. अलमेलू पलूस म्हणून सांगते. मग ते लोक तंजावर जिल्ह्यात पलूस कुठं येतं, यावर वाद घालतात. तिला तामिळ एकट्या बापाकडून आलेलं. त्यामुळं ही पोर साठ वर्षांच्या केमिस्टासारखं तामिळ बोलते, असं तिथल्या बायकांचं मत पडलं होतं.

शहात्तर सालच्या जानेवारीत आलेलं पत्र हरिबानं सोप्यात बसून वाचायला घेतलं. राहीबाई समोर मेथी निवडत होती.

"तीर्थस्वरूप राहीमावशी आणि तात्या यांस साष्टांग नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे. सात मार्चला रविवारी हॉलमध्ये माझा वळैकाप्पू करायचं ठरलं आहे. म्हणजे आपलं डोहाळजेवणच, पण बांगड्यांचं. दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरतात. पोटातल्या बाळाला त्यांची किणकिण ऐकू जाते म्हणे. पहिल्या बांगड्या माहेरच्या लागतात."

इथं हरिबा थांबला. मग म्हणाला, "बाकी सगळं बरं हाय. जावयांचा नमस्कार."

"मधलं काय खाल्लंसा?" राहीबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण गाळलेली ओळ तिला ऐकू यायची.

हरिबानं पुन्हा मिशी पुसली. "'माझं माहेरचं असं कुणी नाही, म्हणून तूटिंगच्या विशालम मामी माझ्या माहेरच्या बाजूनं उभ्या राहणार आहेत. फार चांगल्या आहेत. तुम्ही काळजी करू नका.'"

राहीबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"तूटिंग कुठं आलं?"

"लंडनातच. आपल्याला तासगाव तसं."

"आनि ही मामी हिची कोण?"

"कुणी न्हाई. त्यांच्यातली हाय."

"पोरीला गोवर आला तवा ही बाई कुठं हुती?"

"तूटिंगला."

"मग?"

हरिबा महायुद्धात पलटणीत हवालदार होता. इटलीत जर्मनांच्या मशिनगनपुढं त्यानं तीन दिवस काढले होते, पण तिथं 'मग' असं कुणी विचारलं नव्हतं. राहीबाईनं मेथी पुन्हा उचलली, आणि निवडलेली पानं टाकून काड्या पातेल्यात ठेवल्या. ते दोघांनीही बघितलं.

"बांगड्या हितनं जातील," ती म्हणाली. "पोरगी कुणाची, ते मामीला कळू दे."

*

सिद्धू कासार गावातल्या बायकांना तोंडावरनं ओळखत नसे. तो सगळ्यांना मनगटावरनं ओळखायचा, आणि रस्त्यात कुणी भेटली तर मनगटाकडं बघूनच बोलायचा. राहीबाईनं हिरव्या काचेच्या एकवीस बांगड्या मागितल्या तेव्हा तो तिच्या हाताला म्हणाला, "कुणाला भरायच्या?"

"आमच्या आलूला. सातव्यात भरायच्यात तिला."

"मग हात आणा."

"हात लंडनला हाय."

"मग जमायचं न्हाई," सिद्धू म्हणाला. "मावशी, बांगडी इकायची नसती, भरायची असती. माझ्या आज्यानं बिनहाताची बांगडी कवा दिली न्हाई. सैल दिली तर आपटून वाढती, घट दिली तर चढताना वाढती. सातव्या म्हैन्यात वाढली तर बोल कुणाला? धाडणाऱ्याला न्हाई लागायचा. कासाराला लागंल."

बांगडी फुटली असं सिद्धू कधी म्हणायचा नाही. त्याच्या दुकानात बांगडी फक्त वाढायची.

राहीबाई उठली नाही. ती तिथंच बसून राहिली. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी बसून राहिली. शेवटी सिद्धूच म्हणाला, "त्या पोरीचा हात मी लग्नात भरलाय. हाड बारीक, आंगठ्याचं मूळ जरासं वर. त्या हाडाचा दुसरा हात गावात गावला, तर त्याच्यावर माप घ्यू."

त्यानंतर तीन दिवस पलूसमध्ये हातांची भरती चालली. राहीबाई बायका घेऊन यायची आणि सिद्धू त्यांचे हात दुमडून बघायचा. जावेचा हात रुंद निघाला. चंद्राबाईचा हाडानं जमला, पण शेणाच्या कामानं त्याचा मऊपणा गेलेला. शाळेतल्या अंजनाबाई मास्तरणी पहिल्या फेरीत पास झाल्या आणि अंगठ्यात नापास झाल्या. त्यांना ते मनाला लागलं. दोन दिवस त्यांनी वर्गात कुणाला नापास केलं नाही.

चौथ्या दिवशी सिद्धू हरिबाच्या सोप्यावर निरोप सांगायला आला, की हात गावात नाही. हरिबानं त्याच्यापुढं चहाची कपबशी धरली. सिद्धूनं कपबशी खाली ठेवली आणि हात धरला.

"तात्या, हात दुमडा."

"कशाला?"

"दुमडा तर."

हरिबाची छाती, मिशी, आवाज सगळं हवालदाराला शोभेल असंच होतं. फक्त हात लावताना देवाकडं त्या मापाचे संपले होते. इटलीच्या बर्फात पलटणीला हातमोजे वाटले तेव्हा ह्याच्या मापाचे निघालेच नाहीत, आणि शेवटी तिथल्या पाद्र्याच्या बहिणीनं स्वतःचे काढून दिले. ही गोष्ट हरिबानं गावात कुणालाही सांगितली नव्हती. राहीबाईनं सांगितली होती.

सिद्धूनं डोळे मिटून हात चाचपला. अंगठ्याचं मूळ दाबलं. "ह्योच," तो म्हणाला. "छत्तीस वरसं हात घरात, आनि मावशी गावभर हिंडतीया."

हरिबानं राहीबाईकडं बघितलं. नाही म्हणायची ही शेवटची संधी होती. राहीबाई त्याच्या हाताकडं बघत राहिली, पहिल्यांदाच दिसावा तशी. हा हात धरून ती पोर सात वर्षं शाळेत गेली होती.

"बरं," हरिबा म्हणाला.

आता अडचण सुजेची होती. भामाबाई सुईणीला बोलावलं. ती म्हणाली, सातव्यात सांजच्याला हात जड होतात, आंगठी निघत नाही इतपत. तेवढी सूज आणायची तर माणसानं दोन तास हात खाली सोडून उन्हातनं चालावं. मीठही जरा जास्त खावं.

पहिल्या दिवशी हरिबा खारं पिठलं खाऊन किर्लोस्करवाडी स्टेशनापर्यंत जाऊन आला, पण हात होते तसेच. चौकशीअंती कळलं की पाय चालले की त्याचे हात आपोआप खांद्यापर्यंत हलतात. पलटण सुटली तरी हातांना कुणी सुट्टी दिलेली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी राहीबाई स्वतः त्याच्या मागून निघाली, आणि हात हलले की नुसतं "हात" म्हणत राहिली.

स्टेशनाच्या रस्त्यावर शेजारचा कृष्णात बैलगाडी घेऊन समोरून आला.

"कुठं निगालाय, हवालदार?"

"हात सुजवायला."

कृष्णातानं थोडा विचार केला. "बरं," म्हणाला आणि गाडी हाकली.

जाताना दोघं पुढं-मागं होती. परत येताना राहीबाई केव्हातरी बरोबरीला आली. छत्तीस वर्षांच्या संसारात काही काम नसताना ती दोघं अशी एकत्र चाललीच नव्हती. दोन्ही बाजूंना ऊस तुटून गेलेला, त्यामुळं बघायलाही काही नव्हतं. राहीबाई म्हणाली, "मामी ती शिकलेली आसंल."

"आसंल की."

"विंग्रजी बोलत आसंल."

"लंडनात समद्यांनाच यावं लागतं. भिकारीबी विंग्रजीच बोलत्यात."

"तसं न्हवं," राहीबाई म्हणाली. "आपल्या बांगड्या तिथं कुणी बाजूला ठिवल्या तर?" मग लगेच म्हणाली, "हात."

घरी पोचेतो हात सुजले होते. सिद्धू पेटी घेऊन तयारच होता. त्यानं हरिबाच्या दोन्ही हातांत एकेक हिरवी बांगडी चढवली. अंगठ्याच्या मुळाशी बांगडी अडली, सिद्धूनं हाड दाबलं आणि ती सरकन आत गेली. हरिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून आलं, असं त्यानं कुणी न विचारताच जाहीर केलं.

"हेच माप," सिद्धू म्हणाला आणि बसून राहिला. राहीबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. बांगड्या भरून झाल्या की कासाराच्या पाया पडायचं असतं. हरिबानं आपल्याहून वीस वर्षांनी लहान कासाराला वाकून नमस्कार केला. सिद्धूनंही सवयीनं डोक्यावर हात ठेवून अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला, आणि राहीबाईचा त्यात फायदाच होता.

"आता काढ," हरिबा म्हणाला.

"निघायच्या न्हाईत. वाढवाव्या लागतील."

"वाढवायच्या न्हाईत," राहीबाई म्हणाली. "लेकीच्या नावानं भरल्यात. ती सुखरूप मोकळी होईस्तवर ऱ्हाऊ द्यात."

सगळे हरिबाकडं बघायला लागले. त्यानं हात हलवून बघितले. किणकिण झाली.

"फुल बाह्यांचे सदरे हायत का?" त्यानं विचारलं.

त्यानंतर पलूसमध्ये एक विचित्र काळ आला. 'बांगड्या भरल्यात काय हातात' असं पुरुषानं पुरुषाला विचारल्याशिवाय आमच्याकडं भांडण पुढं सरकत नाही. पण हरिबा हवालदार चावडीवर बसलेला असताना ते विचारणार कोण? भांडणं ऐन रंगात यायची, दोघंही त्या वाक्यापर्यंत पोचायचे, हरिबाच्या बाहीकडं बघायचे आणि घरी जायचे. दीड महिन्यात गावात एकही मारामारी झाली नाही, आणि त्याचं श्रेय पोलीसपाटलानं घेतलं.

*

काच लंडनपर्यंत कशात न्यायची, यावर राहीबाईनं फार विचार केला नाही. त्या दिवसांत घराघरांत नवी हळद होती. डालड्याच्या डब्यात चार बोटं हळदीची पूड, त्यावर बांगड्यांची चवड, मग दाबून हळद, असं थरावर थर तिनं भरलं आणि वरनं कथलाचा डाग देऊन झाकण बंद करून आणलं. डबा घेऊन हरिबा सांगलीच्या मोठ्या पोस्टात गेला.

कारकुनानं फॉर्म पुढं ओढला. "आत काय?"

"हळद. आनि बांगड्या, एकवीस."

"कुणाला?"

"मुलीला."

कारकुनानं पत्ता वाचला. "अलमेलू रामनाथन. आणि पाठवणार हरिबा नलवडे." त्यानं चष्म्यावरनं बघितलं. "मुलगी कशी?"

फॉर्मवर तसा रकाना नव्हता. हा माणूस आपला सहज विचारत होता. पण हरिबाला तो प्रश्न सरकारी वाटला आणि त्याला खरं उत्तर द्यावंसं वाटलं, आणि खरं उत्तर काय ते त्याला सुचेना. त्यानं डबा जरा पुढं सरकवला. बाही वर गेली. कारकुनानं त्या मिशीवाल्या माणसाच्या दोन्ही मनगटांतल्या हिरव्या बांगड्या बघितल्या. मग फॉर्मवरचं 'बांगड्या, एकवीस' पुन्हा वाचलं. तिकिटं लावली, तीन वेळा शिक्का मारला, आणि डब्यावर 'काच, सांभाळून' असं लाल शाईनं स्वतःच्या हातानं लिहिलं.

*

सात मार्च गेला. पंधरा मार्च गेला. राहीबाई पोस्टमनच्या वाटेवर बसायची नाही. ती फक्त रोज त्या वेळेला बाहेरचं अंगण झाडायची. अंगण इतकं स्वच्छ झालं की कोंबड्यांना टिपायला काही उरलं नाही, त्या दुसरीकडं जायला लागल्या.

विसाव्या तारखेला पत्र आलं. हरिबानं मिशी न पुसताच उघडलं.

अलमेलूनं लिहिलं होतं, डबा सहा तारखेला पोचला. तिथल्या कस्टमच्या साहेबांना पिवळी पूड बघून संशय आला आणि त्यांनी ती बारकाईनं तपासली. आता ते साहेब, त्यांचं टेबल आणि त्यांचा एक कुत्रा पिवळा झाला आहे. हॉलमध्ये चाळीस बायका होत्या. डबा उघडला तशा सगळ्या पिवळ्या झाल्या. पण कुणी रागावलं नाही, कारण या कार्याला हळद लागतेच आणि तिथल्या दुकानातल्या हळदीला मुळी वासच नसतो. काही बायका नुसत्या डब्यात नाक घालून उभ्या राहिल्या. बांगड्या दोन्ही हातांत सरळ गेल्या. कुठं अडल्या नाहीत.

"'विशालम मामींनी विचारलं, न बघता इतकं माप कुणी घेतलं? मी सांगितलं, माझ्या माहेरी घेतलं. तात्यांनी पत्रात लिहिलं होतं तसं, कसं घेतलं तेही सांगितलं. मामींनी माझा हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाल्या, ज्या घरच्या बांगड्या, त्या घरी बाळंतपण. हा नियम आहे. एक पाळायचा आणि एक सोडायचा, असं चालणार नाही.'"

हरिबानं चष्मा काढून पुसला. त्यानं पुढं वाचलं. हॉलमधल्या चाळीसजणींपैकी एकीलाही बाळंतपणाला माहेरी जायला मिळालेलं नव्हतं. एकीच्या वेळी बर्फ पडत होता आणि नवरा कामावर होता. एकीला हॉस्पिटलात पहिल्या दिवशी गार दूध आणि बिस्किट दिलं होतं, ते तिला अकरा वर्षं झाली तरी आठवतं. सगळ्या म्हणाल्या, आपल्यातली एक तरी जाऊ दे. तिकीट सगळ्यांनी मिळून काढलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आहे.

"'अठ्ठावीस तारखेला येते. एकटीनं यायचं नाही म्हणून मामी बरोबर येत आहेत. मामी म्हणतात, आधी घर बघीन. पटलं तर ठेवीन. नाहीतर त्यांची चुलतबहीण मद्रासला आहे, तिच्याकडं नेतील. मावशी, तुम्ही काळजी करू नका.'"

"ह्या पोरीनं काळजी करू नका लिवलं की मला धडकी भरती," राहीबाई म्हणाली. मग उठली. "मामीला कांदालसूण चालत न्हाई. सुबरावसायेबांस्नी चालत नव्हता. नवी भांडी काढा."

*

किर्लोस्करवाडीला आगगाडीतून आधी मामी उतरल्या. साठीच्या, ठेंगण्या, त्यांच्याकडच्या नऊवारीत, आणि नऊवारीवर लोकरी स्वेटर. मार्च संपत आला होता, पलूसचे दगड तापले होते, आणि मामी स्वेटरची सगळी बटणं लावून उभ्या होत्या. एकोणीस वर्षं तूटिंगमध्ये काढल्यावर स्वेटर काढायची वेळ कुठली, ते त्या विसरल्या असाव्यात. मागून अलमेलू उतरली, दोन्ही हातांत बांगड्या, पुढं पोट.

राहीबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि फक्त एवढंच म्हणाली, "आलीस? बस बैलगाडीत." एवढं सभ्य बोलणं हरिबानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मामी बघत आहेत, हे तिच्या अंगात शिरलं होतं.

दोन दिवस घरात दवाखान्यासारखी शांतता होती. राहीबाई सरकारी नर्ससारखी हळू बोलायची. अलमेलूही हळू बोलायची, "हो मावशी," "नको मावशी," "थँक्यू मावशी." मामी घरभर हिंडून बघायच्या. त्यांनी विहिरीचं पाणी चाखलं, न्हाणी बघितली, भामाबाईला बोलावून तिची नखं तपासली. हरिबाचे हात बघितले, त्या दिवशी त्यांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं. रात्रीच्या जेवणाला राहीबाईनं सुबरावसाहेबांच्या पद्धतीचं रसम केलं. मामींनी ते संपवलं आणि तोंडावर काहीच दिसू दिलं नाही. उद्या सांगते, असं त्यांनी अलमेलूकडून कळवलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला राहीबाई परसातनं आली, तर अलमेलू उंबऱ्यावर बसलेली. दिवेलागणीला, पोटुशी बाई, उंबऱ्यावर.

दोन दिवसांची नर्स एका क्षणात गेली. "ऊठ तिथनं. अक्कल हाय का गहाण टाकलीस लंडनात? हीच येळ गावली उंबऱ्यावर बसाय?"

"बसणार," अलमेलू म्हणाली. "तीन वरसं उंबरा न्हाई बघितला मी. तिथल्या घरांना उंबरेच न्हाईत. न्हाई उठणार."

"वर तोंड करून बोलतीस?"

"मग कुठं करू तोंड? तुमी दोन दिस माझ्याशी पावण्यासारखं बोलताय. चहा घेणार का म्हणताय. मला कवा इचारलाय चहा घेणार का?"

"पावणीच हैस. 'माहेरचं असं कुणी न्हाई', कुणी लिवलं? कुठल्या हातानं लिवलंस?"

सोप्यात मामी उभ्या राहिल्या. हरिबाला वाटलं, आता मद्रासची गाडी किती वाजता असते ते बघावं लागणार.

अलमेलूचा आवाज चढला. "मग काय लिवू? त्या इचारत्यात, ही राहीबाई तुझी कोण. मी काय सांगू? तामिळमदी शब्द न्हाई त्याला."

"मराठीत हाय?"

अलमेलू थांबली. तिनं खरंच शोधून बघितला. "न्हाई," ती म्हणाली.

"मग भांडतीस कशाला," राहीबाई म्हणाली, आणि तिला दंडाला धरून उठवलं. उठता उठता पोर रडायला लागली, मोठ्यांदा, तोंड वाकडं करून, गोवर आलेला तेव्हा रडायची तशी. राहीबाई शिव्या देत तिचं नाक पदरानं पुसत होती. मग अलमेलूनं दोन भाकरी खाल्ल्या आणि तिथंच चुलीपुढं राहीबाईच्या मांडीला पाय लावून झोपून गेली.

मामी बाहेर हरिबाजवळ येऊन बसल्या. हरिबाला पलटणीतलं इंग्रजी येत होतं. त्यात हुकूम होते, शिव्या होत्या, क्रियापदं जरा कमी होती. म्हणून मामी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"तीन वर्षं ही मुलगी आमच्याकडं येते. थँक्यू मामी, सॉरी मामी. एकदासुद्धा कुणाशी भांडली नाही. मी सगळ्यांना सांगायचे, किती गुणी मुलगी." त्यांनी आत चुलीकडं बघितलं. "पाहुणी होती हो. आमच्यात ती पाहुणी होती."

हरिबाला सगळे शब्द कळले नाहीत. पण मद्रासची गाडी आता बघावी लागणार नाही, हे कळलं. "येस मॅडम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागा झाला तो आतल्या कलकलाटानं. पातेली आपटत होती. मामी चुलीशी बसल्या होत्या, स्वेटर खुंटीला टांगलेला, आणि त्या राहीबाईला चढ्या आवाजात तामिळमध्ये सांगत होत्या की परवाच्या रसमात चिंच फार होती आणि मिरं मुळीच नव्हतं. राहीबाई तितक्याच चढ्या आवाजात पलूसच्या भाषेत सांगत होती की या घरात वीस वर्षं असंच होतंय, पटत नसेल तर स्वतः करून घ्या. कुणालाही कुणाचं अक्षर कळत नव्हतं आणि कुणीही अडत नव्हतं. मधेच मामींनी राहीबाईच्या हातातली पळी हिसकावून घेतली. अलमेलू भिंतीला टेकून चिंच चोखत होती आणि भाषांतर करायचं तिनं साफ नाकारलं होतं.

हरिबा चहा घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. कृष्णात बैलं घेऊन चालला होता, तो आवाज ऐकून थांबला.

"काय झालं, हवालदार? कोण भांडतंय?"

"माहेरवाशिणी आल्यात," हरिबा म्हणाला.

"एकच आलती न्हवं?"

"दोन हायत."

कृष्णातानं कान देऊन ऐकलं. आत तामिळचा जोर होता. "कवा जाणार?"

"एक बाळंत झाल्यावर," हरिबानं चहाचा घोट घेतला. "दुसरीचं काय सांगता येत न्हाई."